बिनतिथीचा माणूस

दगडावर आमचं आडनाव होतं आणि आडनावाच्या वर पिवळा स्टिकर. निजसुरे. हॅनोव्हरच्या टेलिफोन बुकात आमच्याशिवाय दुसरं निजसुरे नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि इथे, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीत, हातभर उंचीच्या करड्या दगडावर ते रोमन अक्षरांत कोरलेलं. एस. निजसुरे, १९२८ ते १९८५. त्याखाली हानेलोरं, १९३१ ते १९८७. कचऱ्याच्या डब्यात भलतं काही टाकलं की महापालिकेची माणसं डब्यावर डकवून जातात ना, तसाच तो स्टिकर. जागेची मुदत संपत आली आहे, संबंधितांनी तीस सप्टेंबर २००७ पर्यंत कार्यालयात यावं, नाहीतर दगड काढून जागा मोकळी करण्यात येईल. इथे कबरसुद्धा कायमची नसते, वीस वर्षांची असते. मी आधी स्टिकर वाचला, मग साल वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. कारण आमच्या घरात हा माणूस एकोणीसशे एकोणसाठ साली वारलेला आहे. अकरा वर्षांची माझी मुलगी तनया माझ्याबरोबर होती. तिला मराठी कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं. नळाजवळच्या दांडीवर हिरव्या झाऱ्या टांगलेल्या असतात, त्यातली एक ती भरून घेऊन आली आणि घालू का म्हणून विचारू लागली, दगडापुढचं एरिका या फुलझाडाचं झुडूप वाळून कोळ झालं होतं. मी म्हटलं, राहू दे, आधी खात्री तर करून घेऊ हे कोण ते. तिने खांदे उडवले आणि झारी शेजारच्या कुणाच्या तरी बेगोनियावर रिकामी केली.

ही भानगड सुरू केली नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे, पद्माकर निजसुरे, वय वर्षं सत्त्याहत्तर, एक बायपास झालेले, मुक्काम पुणे. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती, आणि आमच्या शाखेचं काम नानांकडे. कुणाचा जन्म कधी, लग्न कुणाशी, मुलं किती, गेला कधी. घरटी एक छापील फॉर्म. जूनमध्ये त्यांनी मला स्वतःच्या मोठ्या भावाचा फॉर्म पाठवला. शरदचंद्र. शिक्षणासाठी १९५६ मध्ये जर्मनीस प्रयाण. १९५९ मध्ये हॅनोव्हर येथे न्यूमोनियाने निधन. अविवाहित. निर्वंश. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, की चि. सौ. मीनल, तू त्याच गावी आहेस, दफनभूमीत, खानेसुमारीत, कुठे नोंद सापडते का पाहा. नुसतं साल बरं दिसत नाही, दिवाळीला पुस्तक छापायला जाईल. मला, शेखरला नाही. मला त्याचंच आधी आश्चर्य वाटलं. शेखर त्यांचा मुलगा, काकांचा सख्खा पुतण्या. हॅनोव्हरला नोकरी धरली तेव्हा इथे आपले काका वारले होते हे त्याने मला एकदा, खोक्यांवर पत्ते लिहिता लिहिता, सांगितलं होतं. मग हे काम सुनेकडे का? मी फ्रीडहोफच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, की आल्झो, म्हणजे असं आहे, एकोणसाठ साली या नावाचं कुणीही नाही. मग थोडं थांबून, पण या नावाचं एक आहे. तारखा त्या फोनवर सांगू शकत नव्हत्या, तसा नियम होता; विभाग सतरा, क्रमांक दोनशे चार, एवढंच दिलं. म्हणून मी अठरा ऑगस्टच्या शनिवारी तनयाला घेऊन गेले होते.

माझा स्वभाव मूळचाच संशयी. त्यात काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. धड चालणाऱ्या गोष्टीत खोट शोधायची आणि वर तिला नंबर द्यायचा. पण हा संशय त्या दिवसाचा नव्हता, तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा होता. नवी सून म्हणून मी पुण्यात होते तेव्हाची गोष्ट. पितृपंधरवडा होता. आमच्याकडे प्रत्येक गेलेल्या माणसाची तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खुणेने असायची, नानांच्या वडिलांची, म्हणजे भाऊंची, आईची, बालपणी गेलेल्या एका आत्याचीसुद्धा. शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला, सासूबाईंनी गव्हल्याची खीर ढवळता ढवळता म्हटलं, की आज शरदभावजींचं. मी विचारलं, त्यांची तिथी आजचीच का? तर म्हणाल्या, अगं, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचं आज करतात. माझ्या डोक्यात खडा राहिला. जंगलात हरवलेला, पुरात वाहून गेलेला, घर सोडून परागंदा झालेला, अशांची तिथी नसते. जर्मनीतल्या दवाखान्यात न्यूमोनियाने गेलेल्या माणसाची तारीख कळवतात. तारीख कळली की पंचांग उघडायचं, तिथी हजर. आणि पंचांग उघडायला नानांसारखा माणूस घरात, जो लोकांच्या मुंजीच्या तिथ्या तोंडपाठ सांगतो. मग सख्ख्या भावाची तेवढी कशी ठाऊक नाही? तेव्हाच मला वाटलं होतं, की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. सासूबाई पुढे वारल्या, त्यांची तिथी कॅलेंडरवर लागली. शरदकाका मात्र अमावस्येतच राहिले.

दगडासमोर उभी राहून मला नाना आठवले ते दोन हजार चार सालचे, आमच्याकडे तीन महिने राहून गेले तेव्हाचे. त्यांना आम्ही हार्त्सचे डोंगर दाखवले, समुद्र दाखवला, ते सगळीकडे बरं आहे म्हणाले. खरा त्यांचा उद्योग वेगळाच होता. शेखर ऑफिसला गेला की ते टेलिफोन बुक घेऊन बसत. वर्तमानपत्र वाचावं तसं, चष्मा कपाळावर, बोट ओळीवर. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. एकदा आवरताना पुस्तक उघडलं तर बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं, एनच्या पानावर, आमच्या नावाशी. वर एक नॉयमान, खाली एक निमायर, मध्ये आम्ही. आणि रोज दुपारी एकटेच फिरायला जात. कुठे गेला होतात विचारलं, तर असंच, इथेच. एकदा ट्राममध्ये एक म्हातारा हिंदुस्थानी गृहस्थ पाठमोरा बसला होता, नाना आपला थांबा सोडून त्याच्यासाठी चार थांबे पुढे गेले आणि उतरताना त्याचं तोंड पाहून परत आले. हे मला त्यांनी नव्हे, त्या दिवशी त्यांच्याबरोबर असलेल्या तनयाने सांगितलं होतं. तेव्हा हसलो होतो आम्ही. आता हसू आलं नाही. कारण मेलेल्या माणसाला कुणी टेलिफोन बुकात शोधत नाही. नानांना ठाऊक होतं. आपला भाऊ जिवंत आहे हे ठाऊक असून या माणसाने पंचेचाळीस वर्षं त्याचं श्राद्ध घातलं, आणि आता माझ्या हातून त्याच्यावर एकोणसाठ सालचा शिक्का मारून घ्यायचा आहे. नुसतं साल बरं दिसत नाही म्हणे. मला इतका राग आला की मी त्या दगडाला नमस्कारसुद्धा न करता निघाले. सासरच्या सगळ्या गोतावळ्यात मी नानांना मानत आले होते. माझ्या बाजूने बोलणारा तो एकच माणूस होता, आणि तोच निघाला आतल्या गाठीचा.

पुढच्या आठवड्यात मी अर्धा दिवस रजा टाकून शहराच्या दप्तरखान्यात गेले. तिथल्या तरुण आर्काइव्हवाल्याने आधी माझ्या खानेसुमारी या कल्पनेवर पाणी ओतलं. ते कागद राहत नाहीत, म्हणाला, पण मेल्डेकार्टे राहते. इथे माणसाने घर बदललं की नोंद करायची, लग्न केलं की नोंद, मेला की नोंद. आपल्याकडे दहा वर्षांनी एकदा डोकी मोजतात, इथे रोज. त्याने जाड पुठ्ठ्याचं एक पिवळट कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावर आमचा माणूस अख्खा होता. जन्म पुणे. व्यवसाय इंजिनियर. धर्माच्या रकान्यात टाइप केलेलं हिंदू, आणि पुढे कुणीतरी पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह, ते पुसायचं पुढे कुणाला सुचलं नाही. सात पत्ते, एकाखाली एक, आधीचे सहा लाल रेघेने खोडलेले. त्यातला चौथा पत्ता म्हणजे मी रोज जिथून ब्रेड घेते ती गल्ली. विवाह सात मार्च १९५९, हानेलोरं, नर्स. मुलं, तिथे आडवी रेघ. मृत्यू नऊ नोव्हेंबर १९८५. मी वहीत उतरून घेतलं आणि सवयीने कार्ड उलटं केलं. मागे आईवडिलांची नावं होती. वडील गोविंद निजसुरे, आई राधा, आणि दोघांपुढे एकच शब्द: मृत. लग्नाच्या दिवशी लिहून दिलेला. गोविंद म्हणजे भाऊ, ते एकाहत्तर साली गेले, त्यांची पत्नी त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे बापाने लेकाला मारलं आणि लेकाने बापाला, एकाच वर्षी, दोन देशांत. म्हटलं, बाकी मतभेद असतील, पण या बाबतीत घराणं एकदिलाचं. तो आर्काइव्हवाला मला म्हणाला, नातेवाईक का? मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. 

खरं तर त्याच संध्याकाळी फोन उचलायचा, नानांना सांगायचं आणि तीस सप्टेंबरच्या आत त्या कार्यालयात जाऊन सही करायची. फ्रीडहोफच्या बाईंनी सांगितलं होतं, घरचं कुणीही आलं तरी चालतं, एक अर्ज भरायचा, मुदत वाढते. एवढंच काम. मी केलं नाही. मी ठरवलं, आधी त्यांना बोलू द्यायचं. कबूल करू देत. दर शनिवारी आमचा फोन असतो, दरवेळी मी एक प्रश्न सोडायची. नाना, शरदकाका गेल्याची तार आली होती की पत्र? म्हणाले, पत्र. पुढच्या शनिवारी म्हणाले, तार असावी बहुतेक. पत्र कुणी लिहिलं होतं? भाऊंना ठाऊक. तिथी का नाही धरली? त्यावर, तनयाचा अभ्यास कसा चाललाय. ताकास तूर लागू देईनात. नोंद सापडली का, हे ते प्रत्येक वेळी विचारायचे आणि मी प्रत्येक वेळी शोधतेय म्हणायची. तेही सावध, मीही सावध. शेखरला मी आडून विचारून पाहिलं, तर तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, की तुला प्रत्येक गोष्टीत बग दिसतो. मग मला शेखरचाही संशय येऊ लागला. त्याने हॅनोव्हरच का निवडलं, म्युनिकची नोकरी का नाकारली, असले प्रश्न मला भांडी घासताना पडायचे. तीस सप्टेंबर रविवारी आला. सकाळी उठल्या उठल्या मला तारीख आठवली. कार्यालय बंद, म्हटलं, आज जाऊन काय उपयोग. आणि हे लोक काही एक तारखेला कुदळ घेऊन उभे राहणार नाहीत. खरं सांगायचं तर मला तो दगड नानांच्या कबुलीच्या बदल्यात द्यायचा होता. हे तेव्हा मी स्वतःशी बोलले नाही, पण होतं तसंच.

सर्वपित्री अमावस्या त्या वर्षी अकरा ऑक्टोबरला होती, गुरुवार. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि सकाळी आठला फोन लावला, पुण्यात साडेअकरा वाजलेले. मुद्दामच. पानं मांडलेली असतील, गुरुजी आलेले असतील, आता खोटं बोलून दाखवा. फोन नानांनीच उचलला. मी नमस्कार न करता सरळ विचारलं, की नाना, आज शरदकाकांच्या नावाने पिंड देणार ना?  मागे गुरुजींचा आवाज, कुठेतरी कुकरची शिट्टी. मग त्यांनी गुरुजींना थोडं थांबा म्हणून सांगितलं, दार लावल्याचा आवाज आला, आणि अगदी हळू, मला ऐकू येईल न येईल असं विचारलं,

“गेला का गं तो?”

 मी म्हटलं, हो. पंच्याऐंशी साली. नऊ नोव्हेंबर.  मग ते बोलू लागले, आणि आठवडाभराच्या खरेदीची यादी सांगावी तशा सपाट आवाजात सगळं सांगून मोकळे झाले. एकोणसाठच्या एप्रिलमध्ये एका दुपारी पोस्टमन येऊन गेला. भाऊंनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, बंबात घातलं, मागीलदारी जाऊन आंघोळ केली आणि ओल्या पंचाने आत येऊन सांगितलं, की शरद गेला, न्यूमोनिया. आईने हंबरडा फोडला. दहा दिवस सुतक पाळलं. पण पाकीट अर्धं जळून बंबाबाहेर पडलं होतं, ते नानांनी उचललं. त्यावर पत्ता शरदच्या अक्षरातला. मेलेला माणूस स्वतःच्या हाताने पाकिटावर पत्ता घालतो का? पाठवणाऱ्याची बाजू जळून गेली होती. मी एकोणतीस वर्षांचा घोडा होतो, नाना म्हणाले, पण भाऊंपुढे तोंड उघडायची छाती झाली नाही. भाऊंनी त्या दिवसाची तिथी धरली आणि जिवंत असेपर्यंत श्राद्ध घातलं. ते गेल्यावर कॅलेंडरवरची ती खूण नानांनी काढून टाकली.

“तिथी धरली असती तर तो गेला हे मी मान्य केलं असतं. तू इथे असताना आत स्वयंपाकघरात असायचीस, मंत्र ऐकू येतात तिथे. कधी ऐकलंस का मी त्याचं नाव घेतलेलं?”

मी आठवून पाहिलं. गोविंद, राधा, आत्या, आजे, पणजे. शरदचंद्र नव्हतंच कधी. खीर असायची, पान असायचं, सासूबाईंचं म्हणणं असायचं, पण नाव नव्हतं. मी म्हटलं, मग इथे तीन महिने होतात तेव्हा आम्हाला का नाही सांगितलंत, आम्ही शोधलं असतं. ते म्हणाले, विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. आता सत्त्याहत्तर पूर्ण, आता कळू दे म्हटलं, म्हणून तुला लिहिलं. तू खोदून काढशील म्हणून तुला, शेखर काय, हो बाबा म्हणून ठेवून देईल. मग त्यांनी भराभर विचारायला सुरुवात केली. जाळलं की पुरलं? मी म्हटलं, दहन, राख कलशात घालून पुरलीये. बरं झालं. एकटा होता? मी हानेलोरंबद्दल सांगितलं. नाव त्यांनी तीनदा म्हणून घेतलं, स्पेलिंग लिहून घेतलं. आमच्याबद्दल काही लिहिलंय का कुठे? मी म्हटलं, भाऊंचं नाव आहे कार्डावर, आईंचंही आहे. त्या नावांपुढचा शब्द मी गिळला. आणि मग, गुरुजी दार वाजवत असताना, त्यांनी अगदी सहज विचारलं, “पाणी घातलंस का त्याला?”

“घातलं, नाना,” मी म्हटलं. ते म्हणाले, दगडाचा फोटो पाठव, आणि आज मी नाव घेतो, तिथी मागाहून काढतो, जुनी पंचांगं माळ्यावर आहेत. फोन ठेवल्यावर मी तिथेच खुर्चीत बसून रडले. ज्या एका गोष्टीवरून मी त्यांना लग्नापासूनची सतरा वर्षं मनातल्या मनात आरोपी केलं होतं, तीच त्यांनी भावासाठी केलेली एकुलती एक गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी लंच टाइमला कॅमेरा घेऊन मी फ्रीडहोफला गेले. आधी झारी घेतली, काठोकाठ भरली. खोटं बोललेलं आधी खरं करून टाकायचं, मग फोटो. विभाग सतरा. दोनशे तीन होतं, बेगोनिया काढून हिवाळ्यासाठी फांद्या पसरलेलं. दोनशे पाच होतं. मध्ये दाताळ्याने सारखी केलेली काळी माती, चार खुंट्या, सुतळी, आणि मातीवर गवताचं बी. मी नंबर पुन्हा मोजले. तिकडून एक माळी ढकलगाडी घेऊन चालला होता, त्याला विचारलं. सोमवारी काढला, म्हणाला, आठ तारखेला, ह्या रांगेतले पाच काढले. दगड कुठे गेला? दगड फोडून रस्त्याच्या खडीत जातो. आणि खालचं? खालचं आहे तिथेच आहे, त्याला कुणी हात लावत नाही. त्याचं सगळं बोलणं नम्र होतं. तो गेल्यावर मी झारी उचलली आणि त्या मातीवर पाणी घालू लागले. बी वाहून एका कडेला गोळा झालं. शेजारच्या कबरीशी एक म्हातारी गुडघ्यांखाली उशी घेऊन बसली होती, ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग काळजीने म्हणाली, की बाई, तिथे काही नाहीये. मी म्हटलं, हो, हो, माहीत आहे. झारी रिकामी झाली तेव्हा मी परत नळावर गेले.

फोन मी तिथल्याच बाकावरून केला. मोबाइलवरून पुण्याला कधी करत नाही आम्ही, त्यामुळे नानांनी आधी विचारलं, की सगळं ठीक ना? मी म्हटलं, नाना, दगड काढलाय. त्यांना कळायला वेळ लागला. मी वीस वर्षांचा नियम सांगितला, सोमवारचं सांगितलं, खालचं तसंच आहे हेही दोनदा सांगितलं. ते हं, हं करत होते. काल मी नाव घेतलं, म्हणाले, पहिल्यांदा घेतल्यामुळे अडखळलो. मग जरा थांबले. हिशेब करत असले की ते असे थांबतात, मला ठाऊक आहे.

“मुदत कधीपर्यंत होती म्हणालीस?”

“तीस सप्टेंबर.”

“आणि तू तो दगड पाहिलास कधी?”

खोटं सांगता आलं असतं. गेल्या आठवड्यात म्हटलं असतं, मुदत उलटून गेल्यावर कळलं म्हटलं असतं. या घरात तारखा बदलायला कुणाची ना नसते. मी म्हटलं, अठरा ऑगस्टला.

“अठरा ऑगस्ट,” नाना म्हणाले. पंचांग बघायला ते उठले नाहीत. “नागपंचमी. शनिवार होता. त्या दिवशी आपला फोन झाला होता, पुरणाची दिंडं केली का म्हणून तू विचारलं होतंस.”

मी हो म्हटलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.